टेक्सासहून न्यू जर्सीला जातोय: कार इन्शुरन्स 'स्टेट मिनिमम' घेतला तर चालेल का?

प्लेनोकर:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात प्लेनो सोडून एडिसनला येतोय. मी, बायको, पाच वर्षांची लेक आणि लोनवरची एक होंडा. इथे एजंटने दिली ती 30/60/25 ची पॉलिसी मी कधी नीट वाचलीच नाही. न्यू जर्सीचे कोट मागवले तर पीआयपी, लॉसूट लिमिट, हेल्थ फर्स्ट असे भलतेच पर्याय समोर आले. सगळ्यात स्वस्त आहे तो मिनिममचा. कायद्याला तेवढं पुरतं, तर तेवढंच घेऊ का?

विद्या_एडिसन:
नको रे दादा. 1 जानेवारी 2026 पासून इथलं मिनिमम 35/70/25 झालंय. म्हणजे एका माणसाच्या दुखापतीला 35 हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांना मिळून 70 हजार आणि गाडी-मालमत्तेच्या नुकसानीला 25 हजार. हे सगळे पैसे समोरच्याला जातात, आपल्याला त्यातून काही मिळत नाही. भारतात थर्ड पार्टी काढली की मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा नसते, म्हणून 'थर्ड पार्टी आहे ना, झालं तर' असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इथे छापलेला आकडा संपला की पुढचं आपल्या बचतीतून.

2021 मध्ये रूट 27 वर सिग्नलला उभे होतो, मागून एकाने ठोकलं. ह्यांच्या मनगटाचं हाड मोडून जागचं सरकलं. त्या माणसाकडे तेव्हाचं मिनिमम होतं, 15 हजार. आमचं यूआयएम 100/300 होतं म्हणून वरची भरपाई आमच्याच कंपनीकडून मिळाली. यूआयएम म्हणजे समोरच्याचा विमा अपुरा पडला तर आपल्याला मिळणारं कव्हर. ते आपल्या लायबिलिटीपेक्षा, म्हणजे समोरच्याला द्यायच्या भरपाईच्या कव्हरपेक्षा, जास्त घेता येत नाही. मिनिमम घेतलंस तर तेही तिथेच अडकेल.

पार्सिपनीचा_नाना:
विद्याताईंशी शंभर टक्के सहमत. पीआयपी म्हणजे चूक कुणाचीही असो, आपल्या दवाखान्याचा खर्च. तो 15 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत घेता येतो. लहान मूल आहे, अडीच लाखच घे. 'हेल्थ फर्स्ट'ने हप्ता कमी होतो, पण मग आधी नोकरीचा हेल्थ इन्शुरन्स वापरावा लागतो. व्हिसावर असशील आणि नोकरी गेली तर तो विमाही जातो. मी 2023 मध्ये यातून गेलोय, त्यामुळे कळकळीने सांगतो.

लॉसूट लिमिट घेतलं की ठरावीक गंभीर दुखापती सोडून वेदना-मनस्तापासाठी दावा लावता येत नाही. बायको आणि घरातली मुलंही त्यात येतात. मी अनलिमिटेड, म्हणजे असं बंधन नसलेला पर्याय घेतलाय, महाग पडतो तरी. कोलिजन (धडकेत आपल्या गाडीचं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, गारपीट वगैरेने होणारं) राज्य मागत नाही, पण लोन आहे म्हणजे बँक मागणारच.

प्लेनोकर:
ताई, नाना, मनापासून आभार. 100/300/100, पीआयपी अडीच लाख, अनलिमिटेड, असा नवा कोट मागवलाय. टेक्सासची पॉलिसी कधी बंद करू?

विद्या_एडिसन:
इथली सुरू झाल्यावरच. मध्ये एक दिवसही खंड पडू देऊ नकोस. आणि डेक पेज, म्हणजे सगळी कव्हरं नि आकडे छापलेलं पॉलिसीचं पान, आलं की यूआयएमची ओळ बोट ठेवून वाच. आमच्या एका रिन्यूअलला 100/300 च्या जागी 25/50 छापून आलं होतं. फोन केल्यावर दुरुस्त करून दिलं.