नेब्युलायझरमधून सलाईन घेतल्याने छातीतला कफ खरोखर सुटतो का?

प्रश्न :

माझ्या आईला ब्रॉन्किएक्टेसिस आहे. तिच्या काही श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या असून त्यांत कफ साचून राहतो आणि त्यामुळे वरचेवर जंतुसंसर्ग होतो. डॉक्टरांनी आता ३ टक्क्यांचे सलाईन दिवसातून दोनदा नेब्युलायझरमधून घ्यायला सांगितले आहे. सुरू करून चार दिवस झाले. घेताना तिला खोकल्याची उबळ येते, घसा खारट होतो, आणि कफ मात्र म्हणावा तसा पडत नाही. पूर्वी एकदा ०.९ टक्क्यांचे साधे सलाईन घेतले होते, तेव्हा असा त्रास झाला नव्हता. मग साध्या सलाईनवरच का भागवू नये? आणि शेवटी हे मीठ-पाणीच असेल, तर ते उकळून घरी का करता येऊ नये?

प्रतिसाद १ :

मी श्वसनविकारांच्या रुग्णांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : घरी केलेले मीठ-पाणी नेब्युलायझरमध्ये कधीही घालू नये. उकळल्याने बरेच जंतू मरतात हे खरे असले, तरी मिठाचे प्रमाण अचूक राहत नाही आणि द्रावण थंड होताना व ओतताना पुन्हा दूषित होऊ शकते. जे पाण्यातून पोटात गेले तर चालते, ते बारीक तुषारांच्या रूपाने थेट फुप्फुसात गेलेले चालेलच असे नाही. निर्जंतुक, एकदाच वापरायची कुपी घ्यावी आणि फोडल्यावर उरलेले टाकून द्यावे.

आता ०.९ आणि ३ यांतला फरक. ०.९ टक्के म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. हे प्रमाण शरीरातील द्रवांच्या जवळपास असते, म्हणून ते श्वासनलिकेला टोचत नाही, पण पाणीही फारसे ओढत नाही. ३ टक्क्यांत लिटरमागे ३० ग्रॅम मीठ असते. असे तीव्र द्रावण श्वासनलिकेच्या आतल्या पृष्ठभागावर पडले, की परासरणामुळे पेशींमधून पाणी त्या थराकडे खेचले जाते, कोरडा, चिवट झालेला कफ ओला आणि सैल होतो, आणि तो वर ढकलणाऱ्या सूक्ष्म लवेला आपले काम करायला वाव मिळतो. शिवाय मिठामुळे खोकला चाळवतो, आणि कफ बाहेर काढण्यात त्याचाही वाटा असतो.

म्हणजे खोकला येणे हा अपाय नव्हे. मात्र छाती आवळल्यासारखी वाटणे, शिट्टी वाजणे किंवा धाप लागणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण तीव्र सलाईनने काही जणांच्या श्वासनलिका आकसतात. म्हणूनच पहिला डोस शक्यतो देखरेखीखाली, आधी आणि नंतर फुंकण्याची (फुप्फुसांची क्षमता मोजणारी) चाचणी करून देतात, आणि पुष्कळदा त्याआधी साल्ब्युटामॉलसारखे श्वासनलिका रुंदावणारे औषध घ्यायला सांगतात. आपल्या आईंची अशी चाचणी झाली होती का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. थुंकीत रक्त दिसले, तर सलाईन थांबवून लगेच त्यांच्याशी बोला.

प्रतिसाद २ :

मी स्वतः गेली काही वर्षे हे घेतो. माझी चूक अशी होती, की यंत्र बंद झाले म्हणजे उपचार संपला, असे मी समजत होतो. सलाईन कफ फक्त सैल करते, तो बाहेर आपल्यालाच काढावा लागतो. मला शिकवलेली रीत सांगतो : काही श्वास सावकाश, मग तीन-चार खोल श्वास छातीच्या कडा फुगतील असे, आणि मग घसा उघडा ठेवून, आरशावर वाफ धरावी तसा ‘हाऽ’ करून हवा जोराने बाहेर. कफ वर आल्याचे जाणवले, की मगच खोकायचे. आधीपासून जोरजोरात खोकत राहिले तर माणूस दमतो आणि नळ्या दबून कफ आतच राहतो. मास्कऐवजी तोंडात धरायची नळी वापरल्यानेही मला फरक पडला, कारण नाकात वाया जाणारे तुषार वाचले.

प्रतिसाद ३ :

थोडा सावधपणाही हवा, म्हणून लिहितो. तीव्र सलाईनविषयीचा भक्कम पुरावा आहे तो सिस्टिक फायब्रोसिसमध्ये, म्हणजे फुप्फुसांत चिवट कफ साचवणाऱ्या एका आनुवंशिक आजारात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात १६४ रुग्णांनी ७ टक्के किंवा ०.९ टक्के सलाईन दिवसातून दोनदा ४८ आठवडे घेतले. ७ टक्के घेणाऱ्यांत आजार बळावण्याचे प्रसंग लक्षणीय घटले, पण फुप्फुसांच्या क्षमतेतील सुधारणा माफकच होती. समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या अशा रुग्णांची प्रकृती बरी राहते, या निरीक्षणातून ही दिशा सुचली, हे मला नेहमी गमतीचे वाटते. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये चित्र इतके स्पष्ट नाही. २०१२ मधील वर्षभराच्या एका अभ्यासात ६ टक्के आणि ०.९ टक्के यांत विशेष फरक आढळला नव्हता. त्यामुळे साधे सलाईन निरुपयोगी असे मी म्हणणार नाही. आईंना ३ टक्के सोसलेच नाही, तर डॉक्टरांशी बोलून ०.९ वर येणे हा पराभव नव्हे.

प्रश्नकर्ता :

सर्वांचे आभार. चाचणी झालेली नव्हती, म्हणून काल फोन केला. डॉक्टरांनी सलाईनच्या १५ मिनिटे आधी इन्हेलर घ्यायला सांगितले आणि पुढचा डोस त्यांच्यासमोर घ्यायला सांगितला. ‘हाऽ’ करण्याची रीत आईला दाखवली. पहिल्याच प्रयत्नात घट्ट बेडका पडला. तिची आणखी एक सवय मात्र खटकते : ती नेब्युलायझरची वाटी नळाखाली नुसती विसळून ठेवते. ते पुरेसे आहे का?

प्रतिसाद १ :

पुरेसे नाही. नळाच्या पाण्यातले काही जंतू ओल्या वाटीत तग धरतात, आणि खराब झालेल्या फुप्फुसांना तेच नडतात. प्रत्येक वेळी भाग सुटे करून साबणाच्या पाण्याने धुवा, यंत्राच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे निर्जंतुक करा, शेवटचे विसळणे उकळून गार केलेल्या पाण्याने करा आणि भाग स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडे होऊ द्या. कॉम्प्रेसरला, म्हणजे हवा पुरवणाऱ्या यंत्राला, जोडलेली रबरी नळी धुवायची नसते. तिच्यात ओल दिसली, तर वाटी काढून यंत्र दोन मिनिटे नुसते चालू ठेवा. आणि आईंना श्वासातून घ्यायचे प्रतिजैविक असेल, तर ते सलाईनमध्ये मिसळू नका. आधी सलाईन, मग कफ काढणे, आणि छाती मोकळी झाल्यावर प्रतिजैविक.