‘लिटरली’चा उलटा अर्थ शब्दकोशात असावा का?

सुमेधा
ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने २०११ मध्ये ‘लिटरली’ची एक वेगळी छटा नोंदवली. जे प्रत्यक्षात घडलेलंच नाही त्यावर जोर द्यायला हा शब्द वापरतात, अशी. ऑगस्ट २०१३ मध्ये ते वर्तमानपत्रांच्या नजरेस आलं आणि गदारोळ झाला. माझ्या मते ही नोंद नको होती.

‘मी बोलतोय ते अलंकारिक नाही, तसंच घडलंय’ हे एका शब्दात सांगायची सोय इंग्रजीत याच शब्दाने होते. मी उपशीर्षकांची भाषांतरं करते. एक पात्र फोनवर म्हणतं, ‘शी लिटरली डाइड.’ बाई खरंच गेली की हसून हसून मेली, हे पुढचं वाक्य येईपर्यंत कळत नाही. शंका फेडणाऱ्या शब्दानेच शंका निर्माण करावी, हे मला फार खटकतं. कोशाने त्यावर शिक्का मारायची काय गरज होती?

अनंत_वा
शिक्का कुठे मारलाय? त्या नोंदीला ‘बोलीभाषेतला वापर’ अशी खूण आहे, प्रमाण इंग्रजीत हा वापर अनेकदा सदोष मानला जातो असंही सोबत लिहिलंय. कोश नोंद ठेवतो, शिफारस करत नाही.

आणि हे आजच्या पोरांचं खूळ नाही. १७६९ च्या एका कादंबरीत फ्रान्सिस ब्रुकने लिहिलंय की इतक्या सुंदर स्त्रियांच्या सहवासात येणं म्हणजे ‘लिटरली’ लिलीच्या फुलांत चरणं. कोणी चरत नव्हतं हो! डिकन्सने हा शब्द असा वापरलाय, मार्क ट्वेननेही. मेरियम-वेब्स्टरच्या कोशात तर ही छटा १९०९ पासून आहे. अडीचशे वर्षं चांगले लेखक जे लिहीत आले, ते कोशाने लपवायचं का?

वैदेही
अनंत, १९०९ चं दुसरं टोकही सांगा की. त्याच वर्षी अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सने लेखनातल्या चुकांची यादी छापली, त्यात हा वापर आहे. अतिशयोक्ती करणं वाईट आहेच, पण ती खरी असल्याची ग्वाही देणं असह्य, असं त्याचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं. १९२६ मध्ये इंग्रजीच्या वापरावर प्रसिद्ध पुस्तक लिहिणाऱ्या फाउलरनेही याच वापरावर कोरडे ओढले. वापर जितका जुना, तितकाच त्याला विरोधही जुना आहे. चूक जुनी झाली म्हणून बरोबर ठरत नाही.

निखिल
मग ‘व्हेरी’चं काय करायचं? तो मूळचा ‘खरा’ या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द, आज नुसता ‘खूप’. ‘रिअली’ची तीच गत. खरेपणा सांगणारे शब्द झिजून जोर देणारे होतात, ही भाषेची नेहमीची चाल आहे. आपला ‘अक्षरशः’ बघा. ‘अक्षरशः रक्ताचं पाणी केलं’ म्हणताना आपण अडखळतो का?

सुमेधा
निखिल, उदाहरण चांगलं दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. आपल्याकडे ‘अक्षरशः’ सैल झाला तरी ‘शब्दशः’ घट्ट राहिला. शब्दशः भाषांतर म्हणतो, शब्दशः अर्थ म्हणतो. ‘मी शब्दशः कोसळलो’ असं कोणी म्हणत नाही. म्हणजे वाटणी झाली. इंग्रजीत ‘लिटरल ट्रान्सलेशन’ही त्याच घरातलं आणि ‘लिटरली डाइड’ही. घट्ट राहिलेला दुसरा शब्द दाखवा.

डॉ_मृणाल
माझा अनुभव वेगळ्या बाजूचा. परदेशातल्या रुग्णांशी फोनवर बोलावं लागतं. ‘आय लिटरली कान्ट ब्रीद’ हे वाक्य नाक चोंदलेला माणूसही म्हणतो आणि दम्याचा मोठा झटका आलेलाही. मी त्या शब्दावर विसंबत नाही. एक पूर्ण वाक्य सलग बोलता येतंय का, हे ऐकते. दोन-तीन शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर पुढचा प्रश्न विचारण्याआधीच मदत पाठवायची सोय बघते. संदर्भ काढून घेतला तर कुठलाच शब्द एकट्याने भार पेलत नाही.

वैदेही
पण डॉक्टर, तुम्हाला ते तपासावं लागतं कारण शब्द निकामी झालाय. सगळ्यांच्या कानाला तुमच्यासारखी सवय नसते.

अनंत_वा
निकामी झाला असता तर लोकांनी टाकून दिला असता. मूळ अर्थ जिवंत आहे म्हणूनच अतिशयोक्ती चढते. ‘लिटरली’च्या जागी ‘फिगरेटिव्हली’ (अलंकारिक अर्थाने) घालून बघा, वाक्य पार मरगळतं. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात अर्थ उलटलेला नाही, तो मुद्दाम ताणतोय. सुमेधाताई, तुमच्या उपशीर्षकाला ‘ती मेलीच!’ का नाही लिहीत? मराठीतही दोन्ही वाटा उघड्या राहतील.

सुमेधा
‘ती मेलीच’ त्या वाक्यापुरतं उत्तम आहे, घेते. नाटकात ताण चालतो, माझी तक्रार तिथली नाहीच. अडतं ते माहितीपटात. पूरग्रस्त बाई सांगते, ‘वी लिटरली हॅव नो वॉटर.’ थोडंसं शिल्लक आहे की काहीच नाही? चित्रीकरण करणाऱ्यांना विचारल्याशिवाय मी ‘प्यायला एक थेंबही नाही’ असं लिहू शकत नाही, आणि ‘अक्षरशः पाणी नाही’ लिहिलं तर वाचणारा अर्धवटच विश्वास ठेवतो. दरवेळी विचारायला माणूस सापडतोच असंही नाही.