तासिका तत्त्वावर आलेल्या नवीन शिक्षकांना विभागाने कसं तयार करावं?

रसायन_विभाग: आमच्या अनुदानित महाविद्यालयात यंदा रसायनशास्त्राला चार जण सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्वावर) येणार आहेत. सगळे सेट-नेट झालेले, पण वर्गावर उभं राहायची पहिलीच वेळ. नवीन शिक्षकांसाठीचा महिनाभराचा गुरुदक्षता प्रशिक्षण वर्ग त्यांना परवडत नाही, कारण तासिका बुडाली की मानधनही बुडतं. शिवाय मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे इतर शाखांच्या मुलांसाठीचा ऐच्छिक विषय) असं सगळं एकदम गळ्यात पडतं. विभागाने नेमकं काय करावं? प्रशिक्षणाला बोलावलेल्या वेळेचे पैसे कुठून द्यायचे?

कार्यालयीन_कामकाज: आधी पैशाचं मिटवा. सीएचबीचं मानधन फक्त घेतलेल्या तासिकेचं असतं. बैठका आणि प्रशिक्षण त्यात धरत नाहीत. हे तास तासिकेच्या देयकात घुसवायचा मोह टाळा. वेळापत्रक आणि देयक यांत तफावत सापडली की अख्खं देयक त्रुटी काढून परत येतं, आणि एकाच्या चुकीपायी चौघांचं मानधन लटकतं.

त्याऐवजी सत्र सुरू होण्याआधी महाविद्यालय विकास समितीपुढे (सीडीसी) छोटा प्रस्ताव ठेवा: चार शिक्षक, प्रशिक्षणाचे प्रत्येकी सहा तास, म्हणजे 24 तासांचं मानधन महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीतून. रक्कम फार होत नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2019 मध्ये अतिथी शिक्षकांना तासिकेला 1,500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असं सुचवलं होतं. राज्यातला सीएचबीचा दर त्याच्या खाली आहे. एवढ्यावर राबणाऱ्या माणसाचा शनिवार फुकट मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रुजू होतील त्याच दिवशी देयकाचा एक भरलेला नमुना हातात द्या. चुका ठरलेल्या असतात: सुट्टीच्या तारखेला तासिका दाखवणं, दोन तुकड्या एकत्र बसवून दोनदा मोजणं, प्रात्यक्षिकाला थिअरीचा दर लावणं. नोंद रोजच्या रोज करायला लावा. महिनाअखेरीला आठवून लिहिलेली नोंदवही हमखास चुकते.

प्रयोगशाळा_आणि_वर्ग: सहापैकी तीन तास प्रयोगशाळेला द्या. विषय सगळ्यांना येतो, पण वीस मुलांची बॅच सांभाळणं वेगळं. प्रत्येक प्रयोग मुलांच्या आधी शिक्षकाने स्वतः करून पाहायचा, त्याच बाटलीतल्या द्रावणाने. साधं अनुमापन (टायट्रेशन) घ्या. सोडियम हायड्रॉक्साइड वजन करतानाच हवेतली ओल धरतं, त्यामुळे 0.1 नॉर्मल म्हणून केलेलं द्रावण प्रत्यक्षात सौम्य निघतं. 10 मिली ऑक्झॅलिक आम्लाला 10 ऐवजी पावणेअकरा मिली लागलं की मुलं वाचन खोडून ‘बरोबर’ आकडा लिहितात, आणि नवीन शिक्षक गडबडून तेच खरं मानतो. म्हणून 1.575 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल 250 मिलीपर्यंत विरघळवून प्रमाणीकरण करायचं, म्हणजे त्याच्याशी ताडून सोडियम हायड्रॉक्साइडची खरी तीव्रता काढायची, आणि आलेली खरी नॉर्मॅलिटी फळ्यावर लिहायची. हे एकदा हाताने केलं की पुढचं सत्र सुरळीत जातं. प्रयोगशाळा सहायकांशी ओळख, डोळे धुवायची जागा, सांडलेल्या आम्लाचं काय करायचं, हेही त्याच तीन तासांत.

उरलेल्यात दहा-दहा मिनिटांचे पाठ. चौघांनी एकमेकांसमोर घ्यायचे, पीपीटी बंद, फक्त फळा. ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी लिहायच्या: कुठे समजेनासं झालं आणि प्रश्न विचारल्यावर किती थांबले. नवीन शिक्षक दोन सेकंदही थांबत नाहीत, स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. बारावीपर्यंत मराठीतून आलेली मुलं बरीच असतील तर संज्ञा इंग्रजीत आणि स्पष्टीकरण मराठीत, हे विभागाने आधीच ठरवून सांगावं.

तिसऱ्या आठवड्यात वरिष्ठांनी वर्गात मागे बसावं, पण आधी सांगून. आणि त्याच दिवशी बोलावं. आठवड्याने दिलेला अभिप्राय वाया जातो. हा अभिप्राय पुढच्या वर्षीच्या नेमणुकीशी जोडू नका, नाहीतर कोणी अडचण मोकळेपणाने सांगणार नाही.

परीक्षा_विभाग: अंतर्गत मूल्यमापन विसरू नका, तक्रारी तिथूनच येतात. आधीच्या वर्षाच्या पाच उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स काढा, नाव आणि दिलेले गुण झाकून सगळ्यांना वेगवेगळं तपासायला लावा. एकाच उत्तराला कोणी पाचपैकी दोन देतो, कोणी चार. मग पायरीनिहाय गुण ठरवून पुन्हा तपासा. तासभराचं काम आहे. श्रेयांकाचं (क्रेडिटचं) गणितही तेव्हाच सांगा: थिअरीला एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रात्यक्षिकाला 30. ते न कळल्याने अध्यापन नियोजन कोलमडतं आणि शेवटची दोन युनिट घाईत उरकली जातात.

रसायन_विभाग: सीडीसीच्या पुढच्या बैठकीसाठी प्रस्ताव लिहायला घेतो. अनुभव प्रमाणपत्राबद्दलही सांगाल का? चौघांपैकी दोघांनी आत्ताच विचारलंय.

कार्यालयीन_कामकाज: ‘समाधानकारक काम केले’ एवढ्या ओळीचं प्रमाणपत्र कामाचं नाही. रुजू आणि कार्यमुक्त झाल्याच्या तारखा, नेमणुकीचा आदेश क्रमांक, पदवी की पदव्युत्तर, एकूण तासिका आणि मिळालेलं मानधन, हे सगळं हवं. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीतल्या, मुलाखतीसाठी उमेदवार निवडायच्या छाननी तक्त्यात अनुभवाला वर्षाला 2 गुण, जास्तीत जास्त 10, आणि वर्षापेक्षा कमी काळाला त्या प्रमाणात गुण आहेत. तारखा नसतील तर ते मोजणार कसे? मात्र पदोन्नतीसाठी मागची सेवा धरायला एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावं अशी अट आहे, आणि सीएचबीचं मानधन तिथवर पोचत नाही. हे त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. प्रमाणपत्र सत्र संपताच द्या, मागायला हेलपाटे घालायला लावू नका.