आल्फ्रेड वॉलिसचे श्रेय नेमके कोणाचे?

दर्यावर्दी :
‘निकल्सनने शोधला नसता, तर वॉलिस भंगारवाला म्हणूनच मेला असता’ हे ‘कुंचला’ यांचे कालचे विधान वाचून गप्प बसवेना. १९२८ च्या ऑगस्टमध्ये बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड या इंग्रज चित्रकारांनी कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज गावी वॉलिसच्या घराच्या उघड्या दारातून आत पाहिले, तेव्हा जहाजांची चित्रे भिंतीवर आधीच ठोकलेली होती. बायको गेल्यावर, सत्तरीच्या घरात, केवळ सोबत म्हणून हा एकेकाळचा मच्छीमार रंगवू लागला होता.

कुंचला :
चित्रांना मी कमी लेखलेले नाही. पण ती संग्राहक जिम ईडपर्यंत पोहोचली नसती, तर आज केंब्रिजच्या केटल्स यार्ड या कलादालनात कोणी पाहिली असती? माझे काका दुकानांच्या पाट्या रंगवत आणि उरलेल्या पत्र्यांवर बोटी काढत. ते गेल्यावर तेच पत्रे आम्ही गोठ्यावर घातले. आमच्या गल्लीतून कोणी निकल्सन गेला नाही.

अबोली :
ईडचे नाव निघालेच आहे, तर तेही बोलू. वॉलिस टपालाने चित्रांची पार्सले पाठवी आणि ईड त्यांतली निवडक चित्रे काही शिलिंगांना ठेवून घेई. एवढे कदरदान असताना हा म्हातारा १९४२ मध्ये मॅड्रनच्या वर्कहाऊसमध्ये, निराधारांच्या आश्रयगृहात मरतो, याची लाज कोणालाच कशी वाटत नाही? माझी चित्रे एका दालनाने दोन वर्षे बिनपैशाने अडकवून ठेवली होती, म्हणून या ‘कदरी’चा मला संताप येतो.

दर्यावर्दी :
तुमचा राग रास्त आहे, पण तो ईडवर काढू नका. लंडनच्या टेट कलादालनातल्या पगारावर जगणारा तो माणूस कोणी धनाढ्य संग्राहक नव्हता. वर्कहाऊसमध्येही मित्रांनी वॉलिसला कागद आणि रंग पुरवले, बेवारशी दफन टळावे म्हणून कलासमीक्षक एड्रियन स्टोक्स धावले आणि कुंभारकलावंत बर्नार्ड लीचने थडग्यावर दीपगृहाच्या चित्राच्या फरशा बसवल्या.

अबोली :
फरशा मेल्यावर बसवल्या. जिवंतपणी एक उबदार खोली का मिळाली नाही, एवढेच मी विचारते आहे.

कुंचला :
याला माझ्याकडे उत्तर नाही. चित्रे आधी होती, हेही मी नाइलाजाने मान्य करतो. केटल्स यार्डमध्ये मी ती जवळून पाहिली आहेत : वेडावाकडा कापलेला खोक्याचा पुठ्ठा, त्यावर बोटींना लावतात तो रंग, आणि मध्येच उघडा ठेवलेला तपकिरी पुठ्ठा. काकाही पत्रा असाच कोरा सोडत.