मदत हवी आहे: भाचीच्या लेन्स आणि नळाचं पाणी
भाची मुलुंडहून फोर्टला नोकरीला जाते, महिनाभर चालणाऱ्या लेन्स वापरते. लोकलमध्ये खिडकी मिळाली की लेन्ससकट डुलकी! झोपेत कॉर्नियाला (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला) प्राणवायू कमी पडतो, संसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे तिला पटलंय. पण डबी नळाखालीच धुते. "मामी, हेच पाणी आपण पितो की!" पिण्याजोग्या पाण्यातही अकँथामीबा (डोळ्याला गंभीर संसर्ग करणारा सूक्ष्मजीव) असू शकतो, हे कसं समजावू? वर जुन्या सोल्यूशनमध्येच नवं ओतते, कंजूष कुठली. सध्या डोळे ठीक आहेत.

रोज फेकायच्या लेन्स वापरणाऱ्यांनो, महिन्याला खर्च किती येतो? आणि मुलुंड-भांडुपकडे न ओरडता नीट समजावणारे नेत्रतज्ज्ञ कोणी सुचवेल का? माझं ती ऐकत नाही.