आपल्यासारख्यांत बसल्याशिवाय स्वतःचं शरीर आपलं वाटतं का?

निळीशाई:

माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे वाद नीट घालता येईल. दिव्यांग माणसाने स्वतःचं शरीर आहे तसं, पूर्णपणे स्वीकारावं. "जरा बरं झाल्यावर", "थोडं चालता आल्यावर" असल्या अटी त्याला नकोत. आणि हे काम एकट्याने घरात बसून होत नाही, त्याला आपल्यासारखी माणसं लागतात. म्हणून पुण्यात आपले, फक्त आपले, असे गट हवेत.

लिहायला कारण घडलं ते असं. व्हीलचेअर, कुबड्या किंवा पायाला आधाराचे कॅलिपर वापरणारे आम्ही काही जण महिन्यातून एकदा कोथरूडला भेटतो. सोबत आलेल्या घरच्या माणसांना तेवढा वेळ बाहेर थांबायला सांगतो. त्यावरून बरीच नाराजी झाली. "आम्ही एवढं करतो आणि आम्हालाच बाहेर?" इथपासून "वेगळं बसून तुम्हीच स्वतःला वेगळं पाडताय" इथपर्यंत.

मी पोलिओची. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आजार गेला, पण आम्ही आहोत. चाळिशीत, पन्नाशीत, साठीत. आमच्या पिढीला एकच गोष्ट शिकवली गेली, ती म्हणजे चालायचं. कॅलिपर टोचू दे, खांदे भरून येऊ देत, चालायचं. खुर्ची म्हणजे हार. आता आमच्यातल्या अनेकांना पोस्ट-पोलिओ सिंड्रोमने गाठलंय. लहानपणी ज्या मज्जापेशी वाचल्या त्यांनी मेलेल्या पेशींचं कामही अंगावर घेतलेलं असतं. कित्येक वर्षं तो भार ओढून त्या थकतात असं मानलं जातं, आणि मग ज्याला आपण चांगला पाय म्हणत आलो त्यातलीही ताकद जायला लागते. डॉक्टर सांगतात, शक्ती जपून वापरा. घरचे म्हणतात, "इतकी वर्षं जिद्दीने चाललीस, आताच का हातपाय गाळतेस?"

खुर्ची घ्यायला मला गटातल्या एका बाईंनी तयार केलं. त्यांनी मला काही समजावलं नाही. त्या खुर्चीतून भाजी आणतात, खुर्चीतून रिक्षावाल्याशी भांडतात, खुर्चीत बसूनच साडीच्या निऱ्या काढतात. त्यांच्याकडे बघताना मला दुःख दिसलं नाही, सोय दिसली.

आणि आम्ही आत काय बोलतो? लग्नाला जायचं असेल तर सकाळपासून पाणी प्यायचं नाही, कारण मंगल कार्यालयात आपल्याला जाता येईल असं टॉयलेट नसतं. हे आपण एकटीच करतो असं आमच्यातल्या प्रत्येकीला वाटत होतं. त्यातून लघवीचं इन्फेक्शन होतं, मूत्रपिंडावर ताण येतो, तरी कुणी बोललेलं नव्हतं. आईसमोर, नवऱ्यासमोर हे बोललं की त्यांना वाईट वाटतं, आणि मग सगळा वेळ त्यांची समजूत घालण्यात जातो. म्हणून बाहेर थांबा म्हणतो.

पेठकर:

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मुद्दा पटला नाही. माझा धाकटा भाऊ दोन्ही पायांनी अधू आहे. आमच्या वाड्यात तो सगळ्या पोरांत वाढला. गणपतीत वर्गणी मागायला, क्रिकेटला अंपायर म्हणून, सगळीकडे. त्याला कुणी वेगळं बसवलं नाही, म्हणून तो आज चारचौघांत ताठ मानेने बोलतो. इतकी वर्षं मागणी काय होती? विशेष मुलांना नेहमीच्या शाळेत घ्या, नेहमीच्या नोकऱ्यांत घ्या. आता दारं उघडायला लागली तर तुम्ही आपलं दार लावून घेताय.

दुसरं म्हणजे, "आहे तसं स्वीकारा" हे ऐकायला छान आहे. मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात देशाला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. "आता हे असंच" म्हणून ते बसून राहिले असते तर?

रानवारा:

पेठकर काका, पेटकरांचं उदाहरण तुमच्या नाही, ताईंच्या बाजूचं आहे. ते उभे राहण्याची वाट बघत बसले नाहीत. जे शरीर हाताशी होतं ते घेऊन पाण्यात उतरले. स्वीकार केला की माणूस थांबतो हे कुणी ठरवलं?

मी बाइकच्या अपघातातला. पाठीच्या कण्याला इजा, छातीखाली संवेदना नाही. हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा, "चालशील बघ पुन्हा." प्रेमानेच म्हणायचे. पण त्या वाक्यामुळे आमच्या घरात दोन वर्षं कुणी बाथरूमचं दार रुंद केलं नाही. का करायचं, हा तर चालणारच आहे! मला अंथरुणात पुसून काढायचे. पुन्हा चालण्याच्या आशेने माझी रोजची आंघोळ अडवून धरली होती.

शेवटी ते दार मोठं झालं ते माझ्याच सारख्या एका मुलामुळे. त्यानेच शिकवलं की दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, नाहीतर बेडसोर, म्हणजे दाबाने होणारी जखम होते आणि ती हाडापर्यंत जाते. खुर्चीतून पलंगावर कसं सरकायचं, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी घेऊन प्रवास कसा करायचा, लघवी कपड्यात झाली तर ऑफिसात काय करायचं, हे सगळं त्याने सांगितलं. यातलं काही मला डिस्चार्जच्या कागदावर मिळालं नव्हतं. आपल्याच पुण्यात, खडकीला, पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक सेंटर आहे. तिथे जवान वर्षानुवर्षं एकत्र राहतात, खेळतात. ते एकत्र राहतात म्हणून वेगळे पडले, असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणत नाही. मग आमच्याबद्दल का?

आणि तुमच्या भावाला एकदा विचारा. वाड्यात त्याच्यासारखा दुसरा कुणी होता का?

पेठकर:

विचारलं. त्याचं उत्तर जसंच्या तसं देतो. "नव्हता. पण मला अशा गटात जायचंही नाही. माझे मित्र तालमीतले आणि मंडळातले. दहा जणांच्या व्यथा ऐकून मला जड होतं, आणि माझी ओळख पायावरून व्हायला नको आहे." आता हा माणूस स्वतःला स्वीकारत नाही असं म्हणणार का तुम्ही?

निळीशाई:

नाही म्हणणार. त्यांना नको असेल तर नको. त्यांच्या आजूबाजूला त्यांना सांभाळून घेणारं आख्खं मंडळ होतं. आमच्यातल्या कित्येकींना घराबाहेर कुणीच नव्हतं. बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुण्यांसमोर येऊ नकोस म्हणून आतल्या खोलीत बसवलेल्या मुली आमच्यात आहेत. त्यांना "सगळ्यांत मिसळा" सांगून काय उपयोग?

मुलीचीआई:

मी दुसऱ्या बाजूची, बाहेर थांबवली जाणारी. मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम झालेला. दोन्ही पाय ताठर. ती लहान होती तेव्हापासून फिजिओ, पायाला बांधायचे स्प्लिंट, स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं, एक ऑपरेशन, हे सगळं करत आलो. हल्ली तिने इन्स्टावर कुठेतरी वाचलंय, "माझं शरीर दुरुस्त करण्याची वस्तू नाही." आणि तिने व्यायाम सोडून दिला. तुमच्यासारखं लिहिणाऱ्यांचा मला राग आहे, स्पष्ट सांगते. ताणाचे व्यायाम बंद झाले की स्नायू आखडतात, सांधे वाकडे बसतात, मग पुन्हा ऑपरेशन. ते सोसणार ती, आणि तिला उचलणार मी. माझी पाठ आत्ताच गेली आहे. ती पंचविशीची होईल तेव्हा तुमचं वाक्य तिला उचलायला येणार आहे का?

सरकती:

ताई, मला सेरेब्रल पाल्सी आहे, वय तिच्या दुपटीहून जास्त. तुमचा राग मला समजतो, माझ्या आईचाही असाच होता. व्यायाम बंद करू नये या मताची मीही आहे. मी आजही रोज पायांचे ताण काढते, नाहीतर रात्री गोळे येतात.

पण दोन प्रकारचे व्यायाम असतात, हे मला फार उशिरा कळलं. एक माझ्यासाठी, की दुखू नये, पलंगावरून उतरता यावं, टॉयलेटला एकटीने जाता यावं. दुसरे बघणाऱ्यांसाठी, की टाच टेकलेली दिसावी, चाल सरळ दिसावी, फोटोत कळू नये. माझं लहानपण दुसऱ्या प्रकारात गेलं. सुट्ट्या, वाढदिवस, मैत्रिणींचे खेळ, सगळं त्या खोलीत. मला काय जमायला हवं आहे, हे एकदाही कुणी विचारलं नाही. माझं उत्तर ठरलेलं होतं. मला वेणी स्वतःची स्वतः घालायची होती.

तिला बंद करायचं आहे ते नेमकं काय, एवढं विचारून बघा.

मोजपट्टी:

मी आर्किटेक्ट आहे. इथली चर्चा वाचून थोडा अस्वस्थ झालो. स्वीकार, गट, मन मोकळं करणं, सगळं ठीक. पण शहर कोण बदलणार? एक पायरी साधारण पंधरा सेंटिमीटरची. रॅम्पचा उतार एकास बारा लागतो, म्हणजे त्या एका पायरीसाठी एक मीटर ऐंशीची लांबी. पेठांतल्या किती दुकानांपुढे तेवढी जागा सोडली आहे? फुटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब ठोकतात, त्यातून खुर्ची जात नाही. मेट्रो स्टेशनला लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला रस्ता नाही.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे सहज जाता-वापरता यावं याचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, काही निकष बंधनकारक करा. हे हत्यार हातात असताना दिव्यांगांनी आतमध्ये बसून स्वतःवर काम करायचं, हे मला व्यवस्थेच्या सोयीचं वाटतं. जो स्वतःला शांतपणे स्वीकारतो तो अर्ज करत नाही, आंदोलन करत नाही.

निळीशाई:

उलट आहे हो. जिला आपल्या शरीराची लाज वाटते ती रॅम्प मागतच नाही. "माझ्या एकटीसाठी कशाला त्रास" म्हणून ती घरी बसते. मी स्वतः अशी कित्येक वर्षं बसले.

अमेरिकेतलं १९७७ चं आंदोलन बघा. दिव्यांगांशी भेदभाव करू नये असं कलम १९७३ सालीच कायद्यात आलं होतं, पण सरकार त्याचे नियमच काढेना. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत सुमारे दीडशे माणसं घुसली आणि जवळजवळ चार आठवडे बाहेर पडली नाहीत. खुर्चीवरची माणसं, अंध, बहिरी माणसं. रात्री कूस बदलायला कुणी नव्हतं, तर एकमेकांना मदत केली. ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने जेवण पुरवलं. नियमांवर शेवटी सही झाली. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी ज्युडी ह्यूमन पोलिओच्याच होत्या. आणि त्या आणि त्यांचे काही साथी एकमेकांना आधीपासून ओळखत होते ते दिव्यांग मुलांच्या उन्हाळी शिबिरापासून. तिथे त्यांनी काही अर्ज लिहिले नव्हते. गाणी म्हटली, प्रेमात पडले, रात्रभर गप्पा मारल्या. अशा ओळखीशिवाय चार आठवडे एका इमारतीत कुणी कुणासाठी झोपत नाही.

अर्धीझोप:

मला दोन्ही बाजू परक्या वाटतात. रुमेटॉइड संधिवात आहे, बोटं वाकडी झाली आहेत. सकाळी दोन-तीन तास बरणीचं झाकण उघडत नाही, केस विंचरता येत नाहीत. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर तीस टक्के लिहून मिळाले. सवलती आणि आरक्षण चाळीसच्या पुढे. म्हणजे कागदावर मी तुमच्यातली नाही आणि ऑफिसात धडधाकटही नाही. तुमच्या त्या "फक्त आपले" मध्ये मी बसते का?

आणि हे शरीर स्वीकारायला मला जमत नाही. तुमच्या अडचणी पायऱ्या आणि नजरा यांच्या असतील, माझं मात्र दुखतं. रिकाम्या खोलीत, कुणी बघत नसताना दुखतं. ब्रिटनमधल्या दिव्यांगांच्या संघटनेने १९७६ साली मांडलं होतं की माणसाला अक्षम करतो तो समाज, शरीर नव्हे. पुढे दिव्यांगांच्या चळवळीतल्याच बायकांनी विचारलं, मग आमच्या वेदनेचं काय? तोच माझा प्रश्न आहे. उद्या रोग थांबवणारं औषध मिळालं तर मी पहिल्या रांगेत उभी राहीन. मग तुमच्या गटात मला कमकुवत समजणार का?

निळीशाई:

बसता. आम्ही दारात प्रमाणपत्र बघत नाही, चाळीस टक्क्यांची रेघ सरकारची आहे.

शरीर आवडलंच पाहिजे अशी सक्ती कुणावर नाही. आमच्यातला एक जण प्रत्येक भेटीत आपल्या डाव्या पायाला शिव्या घालतो आणि आम्ही ऐकून घेतो. औषध मिळालं तर घ्याच, मीही खांद्यांसाठी गोळ्या घेते. मला एवढंच हवं आहे की दुखतं म्हणून, हळू चालतो म्हणून, जागा जास्त लागते म्हणून आपण दिवसभर लोकांची माफी मागत फिरू नये. तुम्ही ऑफिसात दिवसातून किती वेळा "सॉरी हं, हात जरा..." म्हणता?

अर्धीझोप:

खूप वेळा. पण माफी मागणं थांबवलं तर नोकरी टिकेल का, याचं उत्तर तुमच्या गटाकडे नाही. येऊन बघेन. पटेल असं आत्ता सांगत नाही.

मुलीचीआई:

सरकती, विचारलं. व्यायाम तिला चालेल म्हणाली. शाळेत स्प्लिंट नको, घरी घालेन. पण डॉक्टर म्हणतात चालताना घातले तरच उपयोग, आणि ती चालते ती शाळेतच. आता मी काय करू? तिचं ऐकलं तर पाय बिघडतो, डॉक्टरांचं ऐकलं तर ती माझ्याशी बोलत नाही.

सरकती:

मला सांगता येणार नाही. मी तिच्या वयाची असताना स्प्लिंट दप्तरात लपवायचे. तिला या वेळी घेऊन या, माझ्याशी बोलायचं असेल तर बोलेल. तिथे तिच्या वयाचं दुसरं कुणी नसेल, एवढं आधी सांगून ठेवा.

रानवारा:

जागेबद्दल एक. हॉलला रॅम्प आहे, पण टॉयलेटच्या दारातून माझी खुर्ची जेमतेम जाते आणि आत वळत नाही. मागच्या भेटीत मी अर्ध्यातून निघालो ते यामुळेच. मोजपट्टी, तुम्ही मोजून द्याल का? कागदावर मापं असली की हॉलवाल्यांशी बोलता येईल.

मोजपट्टी:

नक्की. आत खुर्ची पूर्ण वळायला दीड मीटरचा मोकळा गोल धरतात, ते आधी बघतो. बेसिन हलवून भागतंय का तेही. मी भेटीच्या वेळीच येऊ का? तुमचं बोलणंही ऐकायला मिळेल.

निळीशाई:

भेटीच्या आधी या. आम्ही दोघं-तिघं लवकर येऊन खुर्च्यांसह उभे राहू, म्हणजे मापं खरी मिळतील. भेट सुरू झाली की मात्र तुम्हीही बाहेर.