मदत हवी आहे: डार्कव्हिजन असताना मशाल कशाला पेटवायची?

अंधारबन: डीअँडडी ('डंजन्स अँड ड्रॅगन्स', पात्रं घेऊन खेळायचा फाशांचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. पार्टीत (खेळाडूंच्या पात्रांच्या गटात) दोन एल्फ, एक ड्वार्फ, एक टीफ्लिंग वॉरलॉक (जादूगार). सगळ्यांना ६० फूट डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची क्षमता), त्यामुळे गुहेत कुणी उजेडच करत नाही. डीएम (खेळ चालवणारा) म्हणून अंधाराचा उपयोग कसा करू? शिवाय वॉरलॉक 'डार्कनेस' हा मंत्र टाकतो, तेव्हा कोणी कसा फासा टाकायचा?

वीसबाजू: डार्कव्हिजन म्हणजे दिवसाउजेडी दिसणं नव्हे. काळोख त्यांना मंद उजेडासारखा दिसतो, तोही रंगांविना. मंद उजेडात नजरेवरच्या पर्सेप्शनला (काही हेरण्याच्या चाचणीला) डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा), म्हणजे पॅसिव्हमधून (फासा न टाकता धरल्या जाणाऱ्या पर्सेप्शनमधून) ५ वजा. बहुतेक टेबलांवर नेमकं हेच विसरलं जातं. पॅसिव्ह १३ असेल तर उरले ८. गोब्लिनचा स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) +६, त्याला फाशावर ३ पडले तरी एकूण ९, म्हणजे तो सुटला. मशाल पेटवली तर २० फूट लख्ख उजेड, पुढचे २० फूट मंद, तासभर. लख्ख भागात पूर्ण १३ मिळतात, पण मशालवाला लांबूनच दिसतो. ही निवड त्यांनाच करू द्या. लाल-निळ्या कळांचं कोडंही ठेवून बघा, मशाल आपोआप बाहेर येते!

खडूस_डीएम: 'डार्कनेस' म्हणजे १५ फूट त्रिज्येचा जादूई काळोख. त्यातून डार्कव्हिजनला दिसत नाही, साध्या मशालीचाही उपयोग नाही. वॉरलॉककडे 'डेव्हिल्स साइट' असेल तर त्याला १२० फुटांपर्यंत स्वच्छ दिसतं: त्याच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा), त्याच्यावरच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज. काळोखात उभ्या बाकीच्यांना शत्रू दिसत नाही आणि शत्रूला ते दिसत नाहीत. म्हणजे फायदा आणि तोटा दोन्ही एकमेकांना छेदतात, म्हणून एकच साधा फासा. मात्र 'दिसणारं लक्ष्य' मागणारे मंत्र आणि ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्यावरचा वार) बंद. भांडणं इथेच होतात, क्लेरिक (देवभक्त मंत्रकर्ता) असेल तर जास्तच.

उतारा हवा असेल तर तिसऱ्या पातळीचा 'डेलाइट' हा काळोख मोडतो. तो नसेल तर वॉरलॉकवर वार करा, मंत्र टिकवणारं कॉन्सन्ट्रेशन तुटू शकतं.

अंधारबन: आणि शत्रूला ब्लाइंडसाइट असेल तर?

खडूस_डीएम: त्याच्या पल्ल्यात 'डार्कनेस' फुकट, कारण त्याला डोळे लागतच नाहीत. ट्रेमरसेन्सचं तसं नाही. तो जमिनीची कंपनं ओळखतो, उडणारा सुटतो. ट्रूसाइटला जादूई काळोख आणि अदृश्य प्राणी दोन्ही दिसतात, पण 'फॉग क्लाउड'चं धुकं नाही. धुकं म्हणजे अंधार नव्हे, त्यामुळे तिथे डेव्हिल्स साइटही आंधळीच.